गाडी तापते आणि रेडिएटरचा फॅन फिरत नाही : दोष नेमका कुठे शोधायचा?

मे महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या आणि बोरघाटात वाहनांच्या रांगा लागल्या, की त्या बातमीबरोबर कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांचाही उल्लेख हमखास येतो. चढ, पहिल्या गिअरची चाल, पूर्ण ताकदीने चालणारा एसी आणि वरून ऊन अशा वेळी इंजिनाला गार ठेवण्याची सगळी भिस्त रेडिएटरमागच्या पंख्यावर असते आणि नेमका तोच फिरत नसल्याचे बहुतेकांना वाफ दिसल्यावरच कळते. त्यानंतर जे घडते ते मला अधिक खटकते. गॅरेजमध्ये आधी फॅनची मोटर बदलली जाते, तरी गाडी तापतेच म्हणून सेन्सर बदलला जातो, मग रिले, आणि शेवटी एखादी गंजलेली अर्थची वायर सापडते. तोपर्यंत मालकाने तीन चांगल्या भागांचे पैसे मोजलेले असतात. ही उधळपट्टी टाळता येते, कारण फॅन का फिरत नाही याचा शोध दोनच प्रश्नांभोवती घ्यायचा असतो : फॅनला फिरण्याचा हुकूम मिळाला का, आणि मिळाला असेल तर त्याच्यापर्यंत वीज पोहोचली का?

फॅन मुळात कशासाठी असतो

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांना मिळते. तेवढीच ऊर्जा सायलेन्सरवाटे निघून जाते आणि जवळजवळ तितकीच इंजिनाच्या धातूत उष्णता म्हणून उतरते. ही उष्णता उचलून नेण्यासाठी इंजिनाच्या पोकळ्यांतून कूलंट, म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकोल आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण, वॉटर पंपाच्या साहाय्याने फिरत असते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरते. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती उघडू लागते, तापलेले कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जाते आणि तिथल्या बारीक नळ्यांवरून वाहणारी हवा त्याला गार करते.

गाडी ताशी ६० ते ८० किलोमीटरने धावत असेल, तर समोरून येणारी हवा पुरेशी असते आणि फॅनची गरज क्वचितच पडते. गाडी उभी असली किंवा रांगत असली की मात्र हवेचा हा प्रवाह थांबतो. म्हणून कूलंट साधारण ९५ ते १०० अंशांवर पोहोचले की फॅन चालू होतो आणि ते काही अंशांनी उतरले की बंद होतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे असतात.

निदानाचा पहिला धागा इथेच मिळतो. गाडी सिग्नलला आणि घाटात तापत असेल, पण मोकळ्या रस्त्यावर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खाली येत असेल, तर संशय फॅनवर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही गाडी तापत असेल, तर फॅनला हात लावण्याआधी कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि चोंदलेला रेडिएटर यांकडे पाहावे. आणखी एक लक्षण गाडी तापण्याच्या कितीतरी आधी दिसते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि त्यालाही तोच फॅन हवा पुरवतो. त्यामुळे सिग्नलला उभे राहिल्यावर एसीची हवा कोमट होत असेल आणि गाडी चालू लागली की पुन्हा गार होत असेल, तर एसीचा गॅस भरून घेण्यापूर्वी फॅन फिरतो का ते बघावे.

हुकूम कोण देतो आणि वीज कोठून येते

अँबॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांत फॅन पट्ट्याने थेट इंजिनावर फिरत असे, त्यामुळे विजेचा प्रश्नच नव्हता. इंजिन आडवे बसवण्याची पद्धत आली तेव्हा इंजिनाचा दांडा रेडिएटरकडे तोंड करून राहिला नाही आणि फॅनला स्वतःची विजेची मोटर द्यावी लागली. आजच्या बहुतेक मोटारींत हीच रचना आहे.

ही मोटर चालताना साधारण १० ते २५ अँपिअर वीज ओढते. एवढा प्रवाह नाजूक सेन्सरमधून किंवा ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकातून, नेता येत नाही. म्हणून मध्ये रिले बसवतात. शेतातल्या विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना रिले वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. हिरवे बटण दाबले की पंपाची सगळी वीज त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला जागे करते, कॉइल चुंबक होऊन जाड पट्ट्या एकमेकींना टेकवते आणि मोटरीची वीज त्या पट्ट्यांतून वाहते. गाडीतला रिले हेच काम काडेपेटीहून लहान डबीत करतो.

म्हणजे वाटा दोन झाल्या. पहिली हुकुमाची : तापमानाचा सेन्सर, ईसीयू आणि रिलेची कॉइल. दुसरी कामाच्या विजेची : बॅटरी, ३० किंवा ४० अँपिअरचा फ्यूज, रिलेच्या पट्ट्या, मोटर आणि तिथून अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा परतीचा मार्ग. दोष कोणत्या वाटेवर आहे हे आधी ठरवले, की निम्म्या भागांवरचा संशय आपोआप फिटतो.

काही गाड्यांत दोन फॅन असतात, काहींत एकाच फॅनला मंद आणि जलद असे दोन वेग असतात आणि मंद वेगासाठी एक रेझिस्टर बसवलेला असतो. तो रेझिस्टर जळला की मंद वेग नाहीसा होतो आणि फॅन बराच उशिरा, थेट जलद वेगाने सुरू होतो. मालकाला मात्र वाटते की फॅन ‘कधीकधी’ चालतो.

हात घालण्यापूर्वी

अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होऊ शकतो. त्यामुळे पात्यांना हात लावायचा असेल तर आधी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, आणि इंजिन चालू ठेवून तपासणी करताना ओढणी, उपरणे, सैल बाह्या, मोकळे केस यांपैकी काहीही बोनेटमध्ये लोंबू देऊ नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतले कूलंट दाबाखाली असते, दाब सुटला की ते क्षणात उकळते आणि तोंडावर व हातांवर उसळते. रेडिएटरला जोडलेला वरचा रबरी होज पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबावे, मग झाकणावर जाड फडके धरून ते हळूहळू सैल करावे.

पहिली चाचणी : एसी लावून पाहा

इंजिन चालू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत कंप्रेसर सुरू होताच किंवा थोड्याच वेळात फॅनही फिरू लागतो, कारण हा हुकूम कूलंटच्या तापमानाची वाट न पाहता दिला जातो. एसीवर फॅन फिरला, तर मोटर, तिचा फ्यूज आणि तिची अर्थ ठीक आहे असे मानून तापमानाच्या सेन्सरकडे वळावे. फिरला नाही, तर कामाच्या विजेची वाट तपासावी.

या चाचणीला दोन अपवाद आहेत. एसीचा गॅस संपलेला असेल, तर ईसीयू कंप्रेसरच सुरू करत नाही आणि फॅनलाही हुकूम मिळत नाही, त्यामुळे आधी कंप्रेसरचा ‘टक’ असा आवाज येतो का ते ऐकावे. दुसरे म्हणजे, दोन फॅनच्या गाडीत एसीवर फक्त कंडेन्सरचा फॅन फिरत असेल, तर त्यावरून रेडिएटरच्या फॅनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

एसी लावूनही फॅन फिरत नाही

सुरुवात फ्यूजपासून करावी. तो बहुधा बॅटरीशेजारच्या काळ्या पेटीत असतो आणि पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते छापलेले असते. उडालेला फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे असे समजावे. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हे वायरिंगला आग लावण्याचे साधन आहे. फ्यूज वाचला तरी वायर जळते.

फ्यूज ठीक असेल तर रिले. पेटीत त्याच क्रमांकाचा आणि तेवढ्याच पिनांचा दुसरा रिले असतो, पुष्कळदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करून पाहणे ही फुकट आणि खात्रीची चाचणी आहे. रिलेचा ‘टिक’ आवाज आला म्हणजे तो चांगला, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आवाजावरून कॉइल जागी होते आणि तिला हुकूम मिळतो एवढेच कळते. आतल्या पट्ट्यांची टोके ठिणग्यांनी काळी पडून खडबडीत झाली असतील, तर आवाज येऊनही वीज पुढे जात नाही.

यानंतर मोटरीचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, काढून बघावा, आणि इथे घाई करू नये, कारण माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचे निदान याच ठिकाणी होते. फॅनला हुकूम मिळत असताना मल्टिमीटरने कपलरवर १२ व्होल्ट दिसले, की ‘वीज येते आहे, म्हणजे मोटर गेली’ असा निष्कर्ष काढला जातो. पण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. दहा तारांपैकी नऊ तुटून एकच उरलेली वायरही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. खरी अडचण भार आल्यावर उघडी पडते. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.१ ओहमचा रोध असेल, तर २० अँपिअर वाहताना तिथे २ व्होल्ट वाया जातात आणि तेवढ्याशा पिनेत ४० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून असा कपलर नीट पाहिला तर एका पिनेभोवतीचे पांढरट प्लास्टिक तपकिरी पडून किंचित वितळलेले दिसते आणि पिनेची चकाकी जाऊन ती निळसर-काळी झालेली असते. हे चिन्ह दिसले तर नव्या मोटरीनेही काम होणार नाही, कपलरच बदलावा लागेल.

म्हणून मीटरऐवजी, किंवा मीटरसोबत, टेस्ट लॅम्प वापरावा. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून कपलरच्या दोन पिनांवर लावला, की तो जवळजवळ २ अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर वीज आणि अर्थ दोन्ही बऱ्यापैकी ठीक आहेत. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी रोध आहे. मग बल्बचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला थेट धरावे. आता तो लख्ख पेटला तर दोष अर्थमध्ये आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांत बॉडीला स्क्रूने आवळलेली अर्थची वायर गंजणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि पार्किंगमध्ये उंदरांनी वायर कुरतडणे ही शहरांतली.

कपलरपर्यंत सगळे ठीक निघाले तरच मोटरीवर ठपका ठेवावा. बॅटरीचे टोक काढलेले असताना पाते बोटाने फिरवून पाहावे. ते सहज फिरायला हवे. खरखर करत अडत असेल तर बेअरिंग किंवा बुश गेले आहे. सहज फिरत असेल, तर मोटरीला बॅटरीवरून फ्यूज असलेल्या जाड वायरीने थेट वीज द्यावी. वीज दिल्यावर ती गप्प राहिली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकताच फिरू लागली, तर आतले कार्बन ब्रश झिजले आहेत आणि मोटर बदलायची वेळ आली आहे. काही नव्या गाड्यांत मोटरीलाच वेगनियंत्रक जोडलेला असतो आणि कपलरमध्ये दोन जाड वायरींसोबत एखादी बारीक वायर असते. अशा मोटरीला थेट वीज देऊ नये, नियंत्रक जळतो.

मोटर बदलल्यावर किंवा जोडल्यावर एक साधी गोष्ट पाहावी. वायरी उलट जोडल्या गेल्या की फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेला विरोध करतो. मालकाला तो जोरात फिरताना दिसतो, तरी गाडी तापते. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या फॅनने हवा आत ओढायला हवी, म्हणजे फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर धरलेला वर्तमानपत्राचा कागद जाळीला चिकटला पाहिजे.

एसीवर फिरतो, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही

आता हुकुमाच्या वाटेवर येऊ. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत थर्मोस्विच असे, म्हणजे ठरावीक तापमानाला आतून जोडला जाणारा साधा स्विच. इग्निशन चालू ठेवून त्याच्या कपलरच्या दोन पिना वायरने जोडल्या आणि फॅन फिरला, की स्विच बिघडला आहे हे नक्की.

नव्या गाड्यांतला सेन्सर मात्र स्विच नसतो. तापमान वाढेल तसा त्याचा विद्युत रोध घटत जातो. २० अंशांना जो दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, तो इंजिन पूर्ण तापल्यावर दोन-तीनशेच्या किंवा त्याहून खाली येतो. ईसीयू त्यावरून तापमान ओळखतो. असा सेन्सर जुना झाला की पूर्ण बंद पडण्याऐवजी तो चुकीचे तापमान सांगू लागतो, आणि इंजिन १०५ अंशांवर असताना ईसीयूला ते ८५ वाटते. या सेन्सरचा कपलर इंजिन चालू असताना काढला, तर बहुतेक गाड्यांचा ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन सुरू करून देतो. फॅन सुरू झाला तर ईसीयू, रिले आणि वायरिंग चांगले आहे आणि संशय सेन्सरवर येतो. या चाचणीनंतर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागू शकतो, तो स्कॅनरने, म्हणजे ईसीयूतली माहिती आणि बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणाने, पुसता येतो.

स्कॅनर हाताशी असेल तर काम आणखी सोपे होते. पी ०११७ आणि पी ०११८ हे कोड तापमानाच्या सेन्सरच्या जोडणीबद्दल बोलतात, तर पी ०४८० हा फॅनच्या नियंत्रणाच्या वायरिंगबद्दल. पण कोडपेक्षा थेट दिसणारे तापमान मोलाचे असते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इग्निशन लावल्यावर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. त्यात पंधरा-वीस अंशांचा फरक असेल, तर दोघांपैकी एक सेन्सर खोटे सांगतो आहे.

सगळे भाग चांगले, तरी फॅन गप्प

काही वेळा फॅनची संपूर्ण साखळी निर्दोष असते. कूलंट इतके कमी झालेले असते की सेन्सरचे टोक कूलंटमध्ये बुडण्याऐवजी वाफेच्या किंवा हवेच्या पोकळीत राहते. हवा धातूची उष्णता कूलंटइतकी चांगली पोहोचवत नाही, त्यामुळे इंजिन जळायला आले तरी सेन्सरला तापमान कमीच वाटते, फॅन सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवरचा काटाही खाली उतरतो. घाटात काटा वर चढून अचानक खाली आला, तर संकट टळले असे समजू नये. उलट तेव्हाच गाडी थांबवावी.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तरी असाच घोटाळा होतो. इंजिन तापते, पण गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही, आणि ज्या गाड्यांत फॅनचा स्विच रेडिएटरवर बसवलेला आहे तिथे त्याला गरमपणा जाणवत नाही. इंजिन चांगले तापलेले असताना वरचा होज पाइप चटका देणारा आणि खालचा गार लागला, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा.

‘पण काटा तर मध्येच असतो’

पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात तो मधून हलत नाही, कारण सारखा वर-खाली होणारा काटा पाहून चालक घाबरतात. म्हणून काटा मध्यापासून सरकू लागला तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो, थंड इंजिनाला निळा दिवा आणि तापलेल्याला लाल, एवढेच कळते.

‘फॅन डायरेक्ट करून घेतला तर काय बिघडते?’

रस्त्यावरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘साहेब, डायरेक्ट करून देतो, कटकटच नको.’ रात्री घाटात अडकल्यावर घरी पोहोचण्यासाठी हा उपाय रास्त आहे, मात्र वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची असावी आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. तो कायमचा ठेवण्याला माझा विरोध आहे. सतत फिरणाऱ्या फॅनने इंजिन फार थंड राहते हे कारण त्यासाठी दिले जाते, पण थर्मोस्टॅट चांगला असेल तर तसे फारसे होत नाही. खरे नुकसान वेगळे आहे. दोष सेन्सरमध्ये असेल तर ईसीयू त्याच चुकीच्या तापमानावर इंधनाचे प्रमाण ठरवत राहतो आणि मायलेज व इंजिन दोन्हींचा तोटा होतो. मोटरीचे ब्रश अकारण झिजतात. डॅशबोर्डखाली स्वतंत्र बटण दिले असेल, तर ते दाबायला विसरणे ही केवळ वेळेची बाब असते.

थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा सल्लाही मिळतो. तो मानू नये. इंजिन कायम अपुऱ्या तापमानावर चालते, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते.

‘आम्ही तर साधे पाणीच घालतो’

अडचणीच्या वेळी घालावे, पण तेवढ्यापुरतेच. रेडिएटरच्या झाकणामुळे आत साधारण एक बार जादा दाब राहतो आणि समुद्रसपाटीवर साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळते. कूलंटचे निम्मे-निम्मे मिश्रण त्याहून पुढे टिकते. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर हा दाब राहत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे आणि तिथे उघड्यावरचे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे खराब झाकण आणि साधे पाणी घेऊन तिथे पोहोचलेल्या गाडीत फॅनला हुकूम मिळण्याआधीच पाणी उकळू शकते. शिवाय क्षारयुक्त विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत थर बसतो. सांडलेले कूलंट मात्र धुऊन टाकावे. ते गोडसर असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि ते त्यांच्यासाठी विष आहे.

वाटेतच गाडी तापली तर

लाल दिवा लागण्याआधी काटा नुकताच सरकू लागला असेल, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात ठेवावा. हीटरमागे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. मे महिन्यात हे सोसणे कठीण असते, पण पुढची सुरक्षित जागा गाठायला ते पुरते. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. अ‍ॅल्युमिनिअमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अशा वेळी वाकते, त्याखालचे हेड गॅस्केट उडते आणि काही शे रुपयांच्या रिलेचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

दुरुस्ती झाल्यावर

गॅरेजमधून गाडी घेण्यापूर्वी एसी बंद ठेवून इंजिन जागेवर चालू ठेवायला सांगावे आणि फॅन स्वतःहून सुरू होईपर्यंत थांबावे. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात, कारागीर घाई करेल, तरी थांबावे. फॅन सुरू झाल्यावर तो काही वेळाने बंदही झाला पाहिजे, आणि हे चक्र निदान दोनदा पाहावे. सुरू झालेला फॅन बंदच होत नसेल, तर विजेची बाजू दुरुस्त झाली आहे, पण उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी रेडिएटर चोंदला आहे का, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का आणि कूलंट भरताना आत हवा राहिली आहे का, हे त्याच जागी तपासून घ्यावे.